उजव्या हाताची पोच

शेजाऱ्यांच्या घरात भांडण सुरू झालं की आवाज वाढायचा, आमच्या घरात तो बंद व्हायचा. आई स्वयंपाकघराच्या दारात, अप्पा बाहेरच्या खोलीत खिडकीशी. दोघांच्या दोन्ही हातांत ओटा पुसायची फडकी, आणि हात सपासप वर, खाली, आडवे, तिरपे. मी आणि दादा मध्ये अभ्यास करत बसलेले असायचो आणि मान खाली घालून सगळं भांडण वाचायचो.

अप्पा तरुणपणी नौदलात सिग्नलमन होते. गोऱ्यांच्या राज्यातलं नौदल आणि त्यातले हे हिंदी खलाशी. एका जहाजाचा निरोप दुसऱ्या जहाजाला दोन हातझेंड्यांनी द्यायचा, हे त्यांचं काम. हातांच्या एकेका ठेवणीला एकेक अक्षर. अक्षरं इंग्रजी, पण आमच्या घरात शब्द मराठी. लग्न झाल्यावर अप्पांनी ते आईला शिकवलं, कारण घर माणसांनी भरलेलं आणि वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने बोलायची चोरी. आजी म्हणे आजोबांना विचारायची, "अहो, याला मुंग्या चावतात का? सारखा हात का झटकतो?"

या कामाचा एक नियम आहे आणि तो आमच्या घराचाही होता. शब्द पोचला की समोरच्याने उजवा हात तिरपा वर करायचा. ती पोच. पोच आली नाही तर तोच शब्द पुन्हा द्यायचा, आणि पुन्हा, पोच येईपर्यंत. त्याशिवाय पुढच्या शब्दाला जायचं नाही. आई याचा पुरेपूर फायदा घ्यायची. रागावली असली की अप्पांकडे टक लावून बघायची आणि हात काही उचलायची नाही. अप्पा आपले चहा, चहा, चहा, चहा. शेवटी स्वतःच उठून आधण ठेवायचे, पण ते ठेवतानाही एक हात चालूच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई म्हणायची, आणि तिचाही पीळ काही कमी नव्हता.

मी मोटार ड्रायव्हिंग शिकवते. शिकणारी पोरं समोर मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे क्लचबाई. माझा आवाज मोठा आणि संयम छोटा आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे बाई फार तडकून बोलतात असं पुढे कुणी म्हणायला नको. या गोष्टीत तडकण्यासारखंच आहे.

तर अप्पा मिसरूडही न फुटलेले असतानाची गोष्ट. जहाजावर हिंदी खलाशांच्या जेवणात खडे आणि किडे, गोऱ्यांचं ताट वेगळं. तक्रार केली तर शिव्या. त्याही साध्या नाहीत, आईबापावरून. एके सकाळी पोरांनी जेवणाला हातच लावला नाही. बघता बघता ते एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर गेलं, आणि नौदलाच्या खलाशांनी राज्याला सांगून टाकलं की आता पुरे. शेजारच्या जहाजावरून हातझेंड्यांनी विचारणा आली, आमच्याबरोबर आहात का? अप्पांनी उत्तर दिलं, आहोत. पलीकडून पोच आली. त्या पलीकडच्या माणसाचा चेहरा अप्पांना कधी दिसला नाही, फक्त तिरपा वर झालेला उजवा हात दिसला.

दोन दिवसांनी एक गोरा अधिकारी कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून अप्पांसमोर उभा राहिला. म्हणाला, पलीकडे निरोप दे, आमच्या जहाजावर संप मिटला, सगळे कामावर आले. संप मिटला नव्हता. एकही माणूस कामावर आला नव्हता. अप्पांनी दोन्ही झेंडे गुंडाळून पायाशी ठेवले आणि हात खिशात घातले.

अप्पांचा पराक्रम म्हणाल तर एवढाच. गोळी झाडली नाही, भाषण केलं नाही, हात खिशात घातले. त्यासाठी कोठडी झाली, आणि मग शिस्तभंगाचा शेरा मारून घरी पाठवलं. पुढे राज्य बदललं, शेरा तसाच राहिला. जन्मभर त्यांनी मालधक्क्यावर क्रेनवाल्याला हातवारे करायची नोकरी केली. आपल्या लोकांच्या लढायांचा इतिहास लिहिणारे कोण कुणाशी लढलं त्याची पानंच्या पानं भरतात. खोटं बोलायला कुणी नकार दिला, त्यासाठी अर्धी ओळ काढताना मात्र त्यांची शाई संपते. मला याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी अप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टर फार गंभीर होऊन म्हणाले, आता यांना बोलता येणार नाही. दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि हसू दाबलं. डॉक्टरांना वाटलं, पोरं निर्दय आहेत. आई गेल्यावर निजलेले अप्पांचे हात त्या दिवसापासून पुन्हा चालू झाले.

आणि मग माजी नौसैनिकांच्या संघटनेने त्या संपाला पन्नास वर्षं झाल्याबद्दल कार्यक्रम ठरवला. संपातल्या हयात खलाशांचा सत्कार, आणि त्यांत अप्पांचं नाव. दादाच ही बातमी घेऊन आला. अप्पांनी ती त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग माळ्यावरचे काळे बूट काढले आणि खिडकीत बसून घासत राहिले. त्यांना इतकं खूश मी आईच्या माघारी पाहिलं नव्हतं. शर्टाच्या कॉलरखाली गळ्यावरचं फडकं नीट दडतं का, हे त्यांनी तीन शर्ट घालून बघितलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मैदानावर एका पोराला रिव्हर्स शिकवत होते, तेवढ्यात दादा आला. पोराला मी पाणी प्यायला पाठवलं. दादा शिकणाऱ्याच्या जागेवर बसला आणि स्टिअरिंगला धरून राहिला. तो काही विचारायच्या आधी नेहमी असा काहीतरी धरून बसतो.

"उद्या अप्पांच्या वतीने मी दोन शब्द बोलायचे आहेत," तो म्हणाला.

"बोल की. तुला कोण अडवतंय?"

"संघटनेच्या कार्यवाहांनी काय बोलायचं ते सांगितलंय. प्रमुख पाहुणे नौदलातले फार वरचे अधिकारी आहेत. त्यांच्यासमोर संपाचं कौतुक बरं दिसणार नाही म्हणाले. तर असं म्हणायचं, की तरुण वयात आमची दिशाभूल झाली, ती चूक होती, आणि त्या चुकीचा आम्हाला खेद आहे. बाकीच्या तिघांच्या घरच्यांनी मान्य केलंय."

"आणि तू?"

त्याने स्टिअरिंग अजून घट्ट धरलं. म्हणजे त्यानेही मान्य केलं होतं.

"अप्पांना विचारलंस?"

"विचारून काय होणार आहे? ते नाही म्हणणार." मग तो माझ्याकडे वळला. "तुला काय जातंय बोलायला. तुला शाळेत कुणी काढून टाकलेल्याची पोरगी म्हटलं नाही. मला म्हणायचे. सैन्यात जायचं होतं मला. त्या शेऱ्याने माझी भरती हुकली."

दादाची भरती धावताना धाप लागली म्हणून हुकली, असं आई म्हणायची. पण ते त्या क्षणी बोलण्यात अर्थ नव्हता. चाळिशी उलटलेला माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मला त्याची दया आली आणि रागही आला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"एकदा तरी त्यांना लोकांनी मानाने स्टेजवर बसवू दे," दादा म्हणाला. "एक वाक्य, बस. त्यांना म्हणायचंही नाही, मीच म्हणणार आहे. तू फक्त गप्प राहा."

माझ्या गाडीत ब्रेक दोन्ही बाजूंना असतो. शिकणाऱ्याने दाबला नाही तर मी दाबते, तेच माझं काम. मी त्याला म्हटलं, "मी आज संध्याकाळी अप्पांना सांगणार आहे. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून बोंब नको." तो गाडीतून उतरला आणि दार इतक्या जोराने आपटलं की पाणी प्यायला गेलेला पोरगा लांबूनच मागे फिरला.

संध्याकाळी मी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा बुटाला लेस ओवत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी बूट खाली ठेवला आणि हातांनी एकच विचारलं, तो हो म्हणाला? मी पोच दिली आणि तोंडाने म्हटलं, हो. त्यांनी कार्यवाहाला शिवी दिली नाही, पाहुण्यांचं काही विचारलं नाही. मला वाटलं, उगाच सांगितलं, हा माणूस आता उद्या घरातून निघणारच नाही.

मग त्यांनी हात उचलले. जाऊ.

"जाऊन काय करणार आहात?" मी विचारलं. त्यांनी लेस ओवायला घेतली. हातांना दुसरं काम दिलं की अप्पांचं बोलणं संपलेलं असायचं.

सभागृह भरलं होतं. पुढे सोफे, त्यांवर कडक इस्त्रीची माणसं. मागे लाकडी खुर्च्या, तिथे साधे निवृत्त खलाशी, जाडजूड मनगटांचे, एकमेकांना कोपराने ढोसत बसलेले. मी मधल्या रांगेत. स्टेजवर चार म्हातारे, शेवटच्या खुर्चीत अप्पा. कार्यवाह, म्हणजे गुळगुळीत दाढीचा आणि तितक्याच गुळगुळीत बोलण्याचा गृहस्थ, स्टेजभर तरंगत होता. आधीच्या तिघांची वाक्यं झाली. एकाचा नातू बोलला, एकाचा जावई, एक म्हातारा स्वतः बोलला आणि खेद आहे म्हणताना त्याला ठसका लागला. प्रत्येकाला पाहुण्यांनी पितळी मानचिन्ह दिलं आणि टाळ्या झाल्या.

मग दादा माइकसमोर आला. घसा साफ केला. "माझे वडील तेव्हा अगदी तरुण होते," त्याने सुरुवात केली, आणि अप्पा खुर्चीतून उठले.

ते माझ्याकडे वळले नाहीत, लोकांकडेही नाही. दादाकडे तोंड करून, पाय जुळवून उभे राहिले. दोन्ही हात वर-खाली हलवले. म्हणजे, लक्ष दे. दादाला ते दिसलं. त्याचे कान लाल झाले, तरी तो समोर बघत राहिला. "...आणि त्या वयात त्यांची दिशाभूल झाली..."

अप्पांनी पहिला शब्द दिला. चूक.

दादाचा हात माइकवरून हलला नाही. अप्पांनी तोच शब्द पुन्हा दिला. चूक. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणाला वाटलं, म्हातारा व्यायाम करून दाखवतोय. कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन धावलं. मी उजवा हात वर केला, अगदी ताणून. अप्पांनी तो पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. निरोप माझ्यासाठी नव्हता. पुन्हा दादाकडे वळून, चूक.

मागच्या खुर्च्यांतून एक भरड आवाज आला. "अरे, झेंड्यांचे सिग्नल देतायत ते. चूक म्हणतायत. चूक."

आणि कार्यवाहाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्याने दुसरा माइक उचलला. "पाहा मंडळी, वाणी गेली तरी अप्पांनी स्वतःच्या हातांनी कबुली दिली आहे. चूक होती म्हणतायत. याहून मोठं मन कोणतं?" टाळ्या सुरू झाल्या. त्याने अप्पांचा दंड धरला आणि त्यांना खाली बसवू लागला.

आईचं वाक्य माझ्या कानात वाजलं, हात दाखवून अवलक्षण. निरोप संपला नव्हता हे त्या सभागृहात फार थोड्यांना कळत होतं. पुढचा शब्द अप्पांच्या हातांत होता, पण पहिल्याची पोच आल्याशिवाय ते तो देणार नव्हते. पन्नास वर्षांत कधी दिला नव्हता. आणि कार्यवाह हातच खाली दाबत होता.

"हात सोडा त्यांचा," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे मैदानावरच्या आवाजात म्हटलं, ज्या आवाजाला समोरून येणारे ट्रकवालेही थबकतात. टाळ्या थांबल्या. कार्यवाहाने हात सोडला. अप्पांनी शर्टाची बाही सारखी केली, पाय जुळवले आणि दादाकडे बघून पुन्हा दिलं. चूक.

आता सगळं दादावर आलं होतं, आणि ते त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं. त्याने नुसतं गप्प राहिलं की झालं. कार्यवाहाला हवं ते झालंच होतं, टाळ्याही पडल्या होत्या. मूग गिळून उभा राहिला असता, तर अप्पा तिथे उभे राहून तोच एक शब्द देत राहिले असते आणि लोकांनी त्यांना हळूच खाली उतरवलं असतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. या ब्रेकवर माझा पाय नव्हता.

अप्पांनी हात पुन्हा उचलले. प्रत्येक अक्षर नेमक्या कोनात. चूक.

दादाने माइक सोडला. त्याचा उजवा हात आधी छातीपर्यंतच आला, शाळेत उत्तर नक्की येत नसताना पोरं उचलतात तसा. मग तो वर गेला, तिरपा, पूर्ण ताठ.

अप्पांनी श्वास घेतला, तो मला मधल्या रांगेतून दिसला. मग त्यांनी दुसरा शब्द दिला, भराभर, जहाजावर देत असतील तसा. दादाचा हात पुन्हा वर गेला. तो माइककडे वाकला आणि त्याचा आवाज चिरकला.

"अप्पा म्हणतात, चूक नव्हती." मग थांबून, कुणी न सांगता, "आणि मी जे आत्ता बोलत होतो ते त्यांनी सांगितलेलं नव्हतं. ते मला इथे सांगण्यात आलं होतं."

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. तो भरड आवाजाचा माणूस उभा होता, उजवा हात तिरपा वर. त्याच्या शेजारचा उठला. मग पलीकडचे दोघं. स्टेजवर मघाशी ठसका लागलेल्या म्हाताऱ्याने मांडीवरचं मानचिन्ह शेजारच्याकडे दिलं आणि बसल्या बसल्या हात वर केला. तो सिग्नलमन नव्हता, त्याचा हात सरळच वर गेला, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

पाहुण्या अधिकाऱ्यांनी उठून पितळी मानचिन्ह अप्पांपुढे धरलं. त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, चेहरा तर अदबीचाच होता. अप्पांनी त्यांच्याकडे बघून मान लववली. मग दोन्ही हात खिशात घातले आणि पायऱ्या उतरून खाली आले. मानचिन्ह तसंच टेबलावर राहिलं.

मला वाटलं, झालं, आता घरी. मी गाडीची किल्ली काढली. पण अप्पा दाराकडे न जाता शेजारच्या हॉलकडे निघाले. तिथे जेवणाची पानं मांडली होती. कार्यवाह आडवा आला. आता त्याचं बोलणं तितकं गुळगुळीत नव्हतं. "अप्पा, तुम्ही सत्कार नाकारलात. आता जेवायला बसणं बरं दिसेल का?"

अप्पांनी हात खिशातून काढले आणि सावकाश दिलं. या वेळी एकेका शब्दाला पोच दादा देत होता, शेजारी उभा राहून. मग त्याने कार्यवाहाला वाचून दाखवलं.

"अप्पा म्हणतात, जेवण एकदा सोडलं होतं, तेवढं पुरे. आता सोडणार नाही."

मागच्या खुर्च्यांतली सगळी माणसं खो खो हसत आत शिरली. कार्यवाह बाजूला झाला, दुसरं करणार काय? भरड आवाजाच्या माणसाने अप्पांना आपल्या शेजारी ओढून घेतलं. मी त्याला विचारलं, तुम्ही त्या वेळी शेजारच्या जहाजावर होतात का? मला भारी आशा होती. तो म्हणाला, "छे हो बाई, मी दहा वर्षांनी भरती झालो. पण ट्रेनिंगला आमचा म्हातारा उस्ताद हळू आवाजात सांगायचा, एका सिग्नलमनने झेंडे खाली ठेवले होते. आम्हाला वाटायचं, बनवतोय." हे अप्पांनी ऐकलं.

मग त्यांनी घास घेतला आणि चावता चावता थांबले.

"खडा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नव्हता. दादा अजून त्यांच्या मागे भिंतीशी उभा होता, परक्याच्या घरात उभं राहावं तसा, कुठे बसावं न कळून. अप्पांनी डाव्या हाताने शेजारची खुर्ची ओढली, उष्टा हात ताटाबाहेर काढला आणि मागे वळून एक शब्द दिला. बस.

दादाने पोच दिली आणि बसला.